विश्लेषण : वर्षभर उल्का मोजणारा हिशेबनीस… विल्यम डेनिंग कोण होते? त्यांचे काय बरोबर ठरले, काय चुकले?

ऑगस्ट आणि डिसेंबर महिन्यांत ‘आज रात्री उल्कावर्षाव’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. कोणता वर्षाव कोणत्या रात्री, आकाशाच्या कोणत्या भागातून, तासाला साधारण किती उल्का, हे सगळे आता एका टिचकीवर कळते. हे वेळापत्रक एखाद्या मोठ्या दुर्बिणीने किंवा उपग्रहाने तयार केले असावे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग नुसत्या डोळ्यांनी, अंगणात बसून, थंडीत कुडकुडत तयार झाला. हे काम करणाऱ्यांत सर्वांत चिवट होते इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराचे विल्यम फ्रेडरिक डेनिंग (१८४८-१९३१). व्यवसायाने ते लेखापाल होते. आयुष्यभर कोणत्याही वेधशाळेत त्यांनी नोकरी केली नाही.

उल्कावर्षाव म्हणजे नेमके काय?

‘तारा तुटला’ असे आपण म्हणतो, पण तुटत कोणताच तारा नाही. धूमकेतू सूर्याजवळून जाताना धूळ आणि बारीक खडे मागे सोडतात. हा कचरा धूमकेतूच्या कक्षेत पट्ट्यासारखा पसरतो. पृथ्वी तिच्या वार्षिक फेरीत असा पट्टा ओलांडते तेव्हा हे कण सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर पेटून उठतात. बहुतेक कण वाळूच्या दाण्याएवढेच असतात.

पृथ्वी दर वर्षी त्याच तारखांना त्याच पट्ट्यातून जाते, म्हणून वर्षावाच्या तारखा ठरलेल्या असतात. एका पट्ट्यातील कण एकमेकांना समांतर येतात. पण रेल्वेचे समांतर रूळ जसे दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात, तशाच या उल्काही आकाशातील एका बिंदूतून फुटल्यासारख्या दिसतात. त्याला उद्गमबिंदू म्हणतात. तो ज्या तारकासमूहात असेल, त्याचे नाव वर्षावाला मिळते. ऑगस्टचा ययाती, नोव्हेंबरचा सिंह, डिसेंबरचा मिथुन ही त्याचीच उदाहरणे.

डेनिंग यांच्या आधी काय माहीत होते?

१८३३च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या आकाशात सिंह उल्कांचे प्रचंड वादळ झाले. लोक घाबरले. मात्र त्यातून एक गोष्ट अभ्यासकांच्या लक्षात आली, की सगळ्या उल्का एकाच बिंदूतून येत आहेत. म्हणजे त्या हवेत निर्माण होत नसून बाहेरून, अवकाशातून येतात. १८६६च्या नोव्हेंबरमध्ये हेच वादळ युरोपावर आले. त्याच सुमारास इटलीचे खगोलशास्त्रज्ञ जिओव्हानी स्कियापारेली यांनी ययाती उल्कांची कक्षा १८६२च्या स्विफ्ट-टटल धूमकेतूच्या कक्षेशी जुळत असल्याचे दाखवले. उल्का आणि धूमकेतू यांचे नाते प्रथमच पक्के झाले.

आता पुढचा प्रश्न उभा राहिला. वर्षात असे वर्षाव एकूण आहेत किती? दोन-चार मोठे वर्षाव सगळ्यांना ठाऊक होते. पण तासाला तीन-चारच उल्का देणारे छोटे वर्षाव कोण शोधणार? त्यासाठी वर्षातील शक्य त्या प्रत्येक निरभ्र रात्री कोणीतरी आकाशाकडे बघत बसणे आवश्यक होते. वेधशाळांना त्यासाठी वेळ नव्हता. डेनिंग यांनी तो दिला.

त्यांची जडणघडण कशी झाली?

डेनिंग यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८४८ रोजी सॉमरसेट परगण्यातील रॅडस्टॉक या कोळसा खाणींच्या गावाजवळ झाला. कुटुंब पुढे ब्रिस्टलला आले आणि डेनिंग अखेरपर्यंत तिथेच राहिले. वडील लेखापाल होते, मुलानेही तोच व्यवसाय पत्करला. लहानपणी त्यांना निसर्गाच्या निरीक्षणाची आवड होती, क्रिकेटही ते उत्तम खेळत. ग्लॉस्टरशायरसाठी यष्टिरक्षण करावे, असे खुद्द डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी त्यांना सुचवल्याची आठवण सांगितली जाते. डेनिंग यांनी मात्र मैदानाऐवजी आकाश निवडले.

१८६६चे सिंह वादळ आले तेव्हा ते अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. अवघ्या तीन वर्षांत, १८६९ मध्ये, हौशी निरीक्षकांची एक संस्था उभी करून ते तिचे काम पाहू लागले. बुधाच्याही आत ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह असावा, अशी तेव्हा समजूत होती. सूर्यबिंबावरून जाताना तो सापडतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी देशभरातील हौशी मंडळींना एकाच वेळी कामाला लावले. ग्रह सापडला नाही, कारण तो अस्तित्वातच नव्हता. पण अनेकांनी ठरवून, एकाच पद्धतीने, वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहण्याची शिस्त त्यांना इथेच लागली.

१८७१ मध्ये त्यांनी दहा इंची आरशाची दुर्बीण घेतली. तिच्यावर त्यांनी गुरूवरील ठिपके आणि पट्टे यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली, शुक्र व शनी पाहिले आणि धूमकेतू शोधले. एकूण पाच धूमकेतूंशी त्यांचे नाव जोडले गेले. त्यातील १८८१चा धूमकेतू नंतर हरवला आणि तब्बल ९७ वर्षांनी, १९७८ मध्ये, जपानच्या फुजिकावा यांना पुन्हा सापडला. आज तो डेनिंग-फुजिकावा या जोडनावाने ओळखला जातो.

उल्का मोजण्याची त्यांची पद्धत कोणती होती?

उल्कांसाठी दुर्बीण कामाची नसते. तिच्यातून आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो आणि उल्का तर कुठेही चमकू शकते. त्यामुळे डेनिंग उघड्यावर बसून डोळ्यांनीच पाहत.

उल्का अर्धा-एक सेकंद दिसते. तेवढ्यात ती कोणत्या ताऱ्याजवळ उगवली आणि कुठे विझली, हे टिपायचे असते. सरळ काठी त्या मार्गावर धरायची, म्हणजे रेषा मनात पक्की होते. मग वेळ, तेजस्विता, वेग, मागे राहिलेली धुराची रेघ यांची नोंद करायची आणि मार्ग ताऱ्यांच्या नकाशावर आखायचा. बऱ्याच उल्का जमल्या, की या रेषा मागच्या बाजूला वाढवायच्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात, तो उद्गमबिंदू.

हे सांगायला सोपे आहे. ब्रिस्टलमध्ये हिवाळ्यातील रात्री लांब, ओल्या आणि कडाक्याच्या थंडीच्या असतात. त्यातही मध्यरात्रीनंतरचे तास महत्त्वाचे. पहाटेच्या सुमारास आपण पृथ्वीच्या पुढच्या बाजूला असतो, आणि धावत्या एसटीच्या पुढच्या काचेवर जसे पावसाचे थेंब जास्त आदळतात, तशा उल्काही जास्त दिसतात. म्हणजे बघणाऱ्याने झोपेच्या वेळीच जागायचे.

तेजस्वी अग्निगोल दिसला की डेनिंग आणखी एक काम करत. दूरच्या गावातील कोणी तो पाहिला आहे का, याची चौकशी करत. दोन ठिकाणांहून एकच उल्का वेगवेगळ्या ताऱ्यांसमोर दिसते आणि त्या फरकावरून भूमितीने तिची उंची व वेग काढता येतो. विल्यम हर्शेल यांचे नातू अलेक्झांडर हर्शेल हेही याच कामातले होते. या कामामुळे डेनिंग यांचे नाव इतके सर्वतोमुखी झाले, की एच. जी. वेल्स यांनी १८९८च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीत, मंगळावरून आलेले पहिले यान लोकांना उल्का वाटते त्या प्रसंगात, उल्कांचे सर्वांत मोठे जाणकार म्हणून त्यांचा नावानिशी उल्लेख केला.

त्यांचे कोणते शोध टिकले?

पहिला शोध १८७७चा. ययाती उल्कांचा उद्गमबिंदू स्थिर नसतो, तो रोज साधारण एक अंश पूर्वेकडे सरकतो, हे त्यांनी नोंदींवरून दाखवले. पृथ्वीची दिशा रोज थोडी बदलते, तसा पट्ट्याकडे पाहण्याचा आपला कोनही बदलतो. उल्का खरोखरच सूर्याभोवती फिरणाऱ्या पट्ट्यातून येतात, याला हा भक्कम दुजोरा होता.

दुसरा, डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास ध्रुवमत्स्यातून येणारा छोटा वर्षाव. नाताळच्या तोंडावर, कडक थंडीत, तासाला मोजक्याच उल्का देणारा हा वर्षाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रथम त्यांच्याच नोंदींत आला. त्याचा जनक टटल धूमकेतू आहे.

तिसरा, २८ जून १९१६चा. युरोपात पहिले महायुद्ध पेटले होते. त्या रात्री ब्रिस्टलच्या आकाशात उल्कांची अनपेक्षित गर्दी झाली. डेनिंग यांनी ती टिपली आणि तिचा संबंध पॉन्स-विनेके या धूमकेतूशी लावला. भूतप तारकासमूहातील हा वर्षाव पुढे अनेक वर्षे जवळजवळ गप्प राहिला आणि १९९८ मध्ये पुन्हा अचानक उसळला. १९१६ची नोंद नसती, तर १९९८चा उद्रेक समजून घेताना अभ्यासकांच्या हाती फारच थोडे उरले असते.

१८९१ मध्ये त्यांनी हौशी निरीक्षकांसाठी दुर्बिणीच्या कामाचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले. १८९८ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. उल्का-निरीक्षण, धूमकेतूंचे शोध आणि इतर खगोलीय कामासाठी हा सन्मान होता. एका हिशेबनिसाला व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांच्या बरोबरीने मिळालेला हा मान दुर्मीळ होता. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, उद्गमबिंदूंची त्यांची मोठी सूची प्रसिद्ध झाली. तिच्यात चार हजारांहून अधिक नोंदी होत्या.

मग चूक कुठे झाली?

ज्या माणसाने ययातीचा उद्गमबिंदू सरकतो हे दाखवले, त्यानेच दुसऱ्या बाजूला असे मांडले, की काही उद्गमबिंदू महिनोन्‌महिने एकाच जागी स्थिर राहतात. ‘स्थिर उद्गमबिंदू’ म्हणून हा वाद गाजला.

यात अडचण काय, हे समजायला छत्रीचे उदाहरण पुरेसे आहे. वारा नसताना सरळ पडणाऱ्या पावसात आपण पूर्वेकडे धावलो, तर पाऊस पूर्वेकडून आल्यासारखा वाटतो. उत्तरेकडे वळलो, तर उत्तरेकडून. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते आणि तीन महिन्यांत तिची दिशा काटकोनात वळते. मग एकाच पट्ट्यातील उल्का तीन महिने एकाच बिंदूतून येताना दिसणे शक्यच नाही. ते खरे मानायचे, तर उल्कांचा वेग पृथ्वीच्या वेगापेक्षा कितीतरी पट मोठा असावा लागेल, आणि मोजमापे तसे सांगत नव्हती.

डेनिंग यांचे डोळे खोटे बोलत नव्हते, हिशेबाची पद्धत चुकत होती. कोणत्याही रात्री वर्षावाशी संबंध नसलेल्या सुट्या उल्का तासाला काही ना काही दिसतातच. एका रात्रीत पुरेशा उल्का मिळत नाहीत, म्हणून अनेक रात्रींच्या, कधी अनेक वर्षांच्या उल्का एकत्र केल्या जात. इतक्या रेषा मागे वाढवल्या, की त्यातील काही कुठेतरी एकमेकींना छेदणारच. अशा योगायोगाच्या छेदांनाही वर्षावाचे नाव मिळत गेले. आणि एकदा बिंदू ठरला, की त्याच्याजवळून आलेली पुढची उल्का त्याच खात्यावर जमा होई.

अमेरिकेचे तरुण खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स ऑलिव्हिये यांनी १९११च्या सुमारास या कल्पनेवर नेमके बोट ठेवले. स्वतःच्या निरीक्षणांतून त्यांनी दाखवले, की उद्गमबिंदू शक्यतो एकाच रात्रीच्या उल्कांवरून काढला, तर स्थिर बिंदू उरत नाहीत. डेनिंग यांनी आपले मत सोडले नाही. मात्र काळाबरोबर विज्ञान ऑलिव्हिये यांच्या बाजूने गेले. चार हजारांच्या सूचीतील बरेच बिंदू आज वर्षाव म्हणून मानले जात नाहीत.

१८९९चा फसलेला अंदाज काय शिकवतो?

डेनिंग यांच्या हयातीतील उल्काशास्त्राची सर्वांत मोठी नाचक्की मात्र त्यांच्यामुळे झाली नाही. सिंह वादळ ३३ वर्षांनी येते, म्हणजे १८३३, १८६६ आणि आता १८९९, असा सरळ हिशेब होता. वर्तमानपत्रांनी उत्सुकता शिगेला नेली. लोक जागले आणि आकाश जवळपास रिकामे राहिले. दरम्यानच्या काळात गुरू आणि शनी यांच्या गुरुत्वाकर्षणाने उल्कांचा दाट पट्टा पृथ्वीच्या वाटेपासून बाजूला सरकवला होता. काही गणितज्ञांनी ही शंका आधी बोलून दाखवली होती, पण ती गाजावाजात विरली.

आजही ‘तासाला शंभर उल्का’ असे वाचून बाहेर पडलेले अनेक जण अर्ध्या तासात निराश होऊन परततात. तो आकडा पूर्ण काळोखे आकाश आणि उद्गमबिंदू थेट डोक्यावर, अशा आदर्श स्थितीचा असतो. शहरात त्याचा छोटा अंशच वाट्याला येतो.

उतारवयात त्यांचे काय झाले?

डेनिंग यांनी लग्न केले नाही. आकाशापायी हिशेबाचे काम मागे पडत गेले आणि मिळकतही. लेखनातून मिळणारे उत्पन्न तुटपुंजे होते. १९०४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्या खगोलकार्याची दखल घेऊन निवृत्तिवेतन दिले, तो मोठा आधार ठरला. वर्षानुवर्षांच्या गार रात्रींनी तब्येत पोखरली होती. दुर्बिणीचे काम सुटले, घराबाहेर पडणेही कमी झाले. ब्रिस्टलच्या बिशप्स्टन भागातील घरात ते एकाकी राहत, पण देशोदेशींच्या निरीक्षकांशी पत्रव्यवहार मात्र चालू होता.

आकाश त्यांना पाठ होते, याचा पुरावा १९२० मध्ये मिळाला. २० ऑगस्टच्या रात्री हंस तारकासमूहात त्यांना एक तारा दिसला, जो तिथे असायला नको होता. तो नवतारा होता. जोडताऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याचा वायू ओढून घेतला, की स्फोट होऊन मंद तारा अचानक तेजाळतो, त्याला नवतारा म्हणतात. पुढच्या काही दिवसांत तो आणखी उजळला. व्यावसायिक वेधशाळा कॅमेरे लावून बसल्या असताना ७१ वर्षांच्या एका आजारी माणसाने नुसत्या डोळ्यांनी तो आधी टिपला.

आंतरराष्ट्रीय खगोल संघटना स्थापन झाल्यावर उल्कांसाठीच्या तिच्या आयोगाचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९२७ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. ९ जून १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. चंद्रावर आणि मंगळावर त्यांच्या नावाचे एकेक विवर आहे.

वर्षभरात महाराष्ट्रातून काय पाहता येते?

डेनिंग ज्या वेळापत्रकासाठी झटले, ते आज ढोबळमानाने असे आहे. तारखा एखाद्या दिवसाने मागेपुढे होऊ शकतात.

● ३-४ जानेवारी : क्वाड्रंटिड्स. भर काही तासांचाच, पहाटे ईशान्येकडे.

● २२ एप्रिल : स्वरमंडळ. संख्या कमी, पण आकाश स्वच्छ.

● ५-६ मे : कुंभ. हॅले धूमकेतूची धूळ. पहाट होण्याआधी पूर्वेकडे. ब्रिस्टलपेक्षा आपल्याकडून चांगला दिसतो.

● १२-१३ ऑगस्ट : ययाती. सर्वांत प्रसिद्ध, पण आपल्याकडे पावसाळी ढगांत बहुधा हरवतो.

● २१ ऑक्टोबर : मृग. हाही हॅलेचाच.

● १७-१८ नोव्हेंबर : सिंह. वेगवान, सेकंदाला सुमारे ७१ किलोमीटर.

● १३-१४ डिसेंबर : मिथुन. आपल्यासाठी वर्षातील सर्वोत्तम. थंडी, निरभ्र आकाश, मध्यरात्रीनंतर उद्गमबिंदू जवळपास डोक्यावर. जनक धूमकेतू नसून फेथॉन हा लघुग्रह आहे आणि तो १९८३ मध्ये सापडला. डेनिंग यांना त्याचा पत्ता लागणे शक्यच नव्हते.

● २२ डिसेंबर : ध्रुवमत्स्य. डेनिंग यांचा वर्षाव. महाराष्ट्रातून उद्गमबिंदू उत्तर क्षितिजापासून फार वर येत नाही, त्यामुळे अपेक्षा माफक ठेवाव्यात.

पाहण्यासाठी गावाबाहेरची काळोखी जागा, चटई, पांघरूण आणि चंद्र नसलेली वेळ पुरे. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा पाहिला, की ती मेहनत वाया जाते. उद्गमबिंदूकडे टक लावून बसू नये. त्यापासून थोडे दूर पाहिले, तर लांब रेघांच्या उल्का दिसतात.

या हौशी नोंदींचा आज उपयोग आहे का?

आहे. कॅमेरे आणि रडार आले, तरी जगभरातील हौशी निरीक्षकांनी डोळ्यांनी केलेली मोजणी आजही एकत्र केली जाते. जुन्या नोंदी डोळ्यांनी झालेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्याशी तुलना करायची, तर तीच पद्धत चालू राहावी लागते. महाराष्ट्रातही पुण्याच्या १९४४ साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांमुळे हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा आहे.

डेनिंग यांचे निष्कर्ष दुसऱ्याला तपासता आले, कारण त्यांनी प्रत्येक उल्केची वेळ आणि मार्ग लिहून ठेवला होता. म्हणून त्यांची चूक सापडली आणि त्यांचे खरे शोधही टिकले. येत्या डिसेंबरमध्ये मिथुन उल्का पाहायला जाणाऱ्यांनी सोबत एक वही आणि लाल कागद लावलेली विजेरी न्यावी. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाहिले, ढग होते का आणि किती उल्का दिसल्या, एवढे लिहिले तरी ती नोंद ठरते.